अंडं माझं आहे

मी निकोबारी कबूतर बोलतेय. तुमच्या बाल्कनीत घाण करणारं राखाडी नव्हे, नीट बघा. पाठीवर हिरवी-तांबूस झळाळी, गळ्याभोवती लांब पिसांची झालर, शेपूट पांढरीशुभ्र. थोडा तोरा आहे मला, आणि तो शोभतोही.

निकोबारची बेटं मी पाहिलेली नाहीत. माझा जन्म नेदरलँड्समधल्या एका प्राणिसंग्रहालयात, काचेच्या उबदार घरात झाला. बाहेर सायकलवाले गारठतात, आत आम्हाला बाराही महिने उन्हाळा. खाण्यापिण्याची ददात नाही. बंदी फक्त पिल्लांवर. पक्षी पुरेसे झाले म्हणे! मी एका वेळी एकच अंडं घालते. माणसाचा हात आला, मी घाबरून उडाले, आणि माझ्या अंड्याच्या जागी लाकडाचं अंडं आलं. असं दोनदा झालं. मी खुळी, महिना-महिना लाकूड उबवत बसले.

तिसऱ्यांदा मी छतालगतच्या दिव्यामागे, वेलींत घरटं केलं. आमच्या नोंदी ठेवणाऱ्या चैत्रालीलाही पत्ता लागला नाही. ही जवळच्या डीमन गावात राहते, आमच्यावर संशोधन करते. पण एक दिवस तिची आई, कुमुदिनीबाई, पुण्याहून आली. बाल्कनीतल्या कबुतरांशी दहा वर्षं झुंजलेली बाई ती. माझा नर काडी घेऊन वर गेला आणि बाईंची मान वर झाली.

"चैत्राली, त्या दिव्यामागे घरटं आहे बघ. मेली इथेही आहेतच!"

झालं, माझं बिंग फुटलं. चैत्रालीनं शिडी लावली, खिशातून लाकडी अंडं काढलं.

"हे कशाला गं?"

"डमी आहे, आई. खरं काढून हे ठेवायचं. प्रोटोकॉल आहे आमचा."

"अंडं काढायचं? अगं, मी जाळी लावली तीसुद्धा पिल्लं उडून गेल्यावर. तोवर कपडे घरात वाळवले!"

"आई, प्लीज. जॉब आहे माझा."

हात वर आला. या वेळी मी उडाले नाही. पंख पसरले आणि कठीण बिया फोडणारी चोच तिच्या बोटावर हाणली. तरी तिनं अंडं उचललंच. मग कानाशी धरलं.

"आई, आतून पिल्लू टोचतंय गं."

"मग ठेव ना ते परत घरट्यात!"

"ठेवतेय. इतकं वाढलेलं काढता येत नाही."

पिल्लू आता अकरा दिवसांचं आहे. उघडंबोडकं, कुरूप, सारखं भुकेलं. चैत्रालीनं त्याला नंबर दिलाय. देऊ दे.

तुमचे पक्षी पुरेसे झाले असतील. माझे झालेले नाहीत. पुढचं अंडं मी घालणार आहे, आणि शिडी लावलीत तरी जागची हलणार नाही.