एका घराला एक नाणं

दुपारचे बारा वाजायला थोडा वेळ होता, तेव्हाच पुरुषोत्तमराव लॅपटॉप उघडून बसले होते. मिशिगनमधल्या ट्रॉय गावातल्या त्यांच्या घरात वर्षातली ही एक दुपार राखीव असे. सरकारी टांकसाळ मोजकेच पाडलेले चांदीचे डॉलर विक्रीला ठेवायची आणि ते बघता बघता संपायचे. त्यांची सगळी नोकरी मोटारींच्या कारखान्यात गेली होती, पत्र्यातून गाडीची दारं दाबून काढणारे पोलादी साचे, म्हणजे डाय, बनवण्यात. निवृत्त झाल्यावर नाण्यांचा नाद लागला तो त्यामुळेच. पोलादाचा ठसा चांदीवर नेमका बसलेला पाहिला की त्यांचे हात अजून शिवशिवायचे.

अट नेहमीचीच होती, एका घराला एकच नाणं. लग्न होऊन त्यांची मुलगी सावनी इलिनॉय राज्यातल्या शॉमबर्गला गेली तेव्हा त्यांनी तिलाही खातं उघडायला लावलं होतं. "आता आपली दोन घरं झाली," ते खुशीत म्हणाले होते. तेव्हापासून एक नाणं इथे यायचं, एक तिच्याकडे, आणि थँक्सगिव्हिंगला ती आणि जावई राजस आले की दोन्ही डब्या जेवणाच्या टेबलावर उघडायच्या.

"सावनी, तूही लॉग इन कर गं," त्यांनी सवयीने हाक मारली.

स्वयंपाकघरातला भाजी चिरण्याचा आवाज थांबला. त्यांची पत्नी वसुधाताई दारात येऊन त्यांच्याकडे पाहत राहिल्या, तेव्हा कुठे आपण सावनीला तिच्या त्या दुसऱ्या घराची आठवण करून दिली हे पुरुषोत्तमरावांना कळलं.

सावनी बर्फाच्या दिवसांत दोन बॅगा घेऊन आली होती. "थोडे दिवस राहते," म्हणाली होती. आता अंगणातला मेपल लाल व्हायला लागला होता. ती वरच्या खोलीतून ऑफिसचं काम करायची, संध्याकाळी आईबरोबर चालायला जायची. राजसचं नाव ती काढत नसे आणि हे दोघंही विचारत नसत.

"करते, बाबा," वरून उत्तर आलं.

वेबसाइटवर रांग लागली. पडद्यावरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. अखेर त्यांची ऑर्डर लागली आणि थोड्या वेळाने सावनी जिन्यावरून म्हणाली, "माझीपण झाली."

पुरुषोत्तमराव खूश झाले. दुसरं नाणं शॉमबर्गला जाणार, म्हणजे ते राजसच्या हाती पडणार, असा हिशेब त्यांच्या मनात आपोआप झाला. त्यामागोमाग एक आशाही आली. या निमित्ताने बोलता येईल. मुलं रागाच्या भरात वेगळी झाली असतील, कुणी तरी मध्ये पडायला हवं. वसुधाताईंना न सांगता ते गॅरेजमध्ये गेले आणि त्यांनी राजसला फोन लावला.

राजस अदबीने बोलला. तब्येत विचारली, गुडघा विचारला. पार्सल आलं तर नक्की कळवतो म्हणाला. मग थोडं थांबून म्हणाला, "आणखी काही होतं का, काका?"

लग्नापासून तो त्यांना बाबा म्हणत आला होता. पुरुषोत्तमरावांनी फोन ठेवला आणि ते घरात आले.

दुसऱ्या दिवशी ते चहा घेत असताना सावनी समोर येऊन बसली.

"बाबा, माझी ऑर्डर कॅन्सल झाली."

"का? कार्ड चाललं नाही का?"

"सेम हाउसहोल्ड म्हणून. मी इथला ॲड्रेस टाकला होता."

"अगं, पण एका घराला एकच देतात, हे तुला माहीत होतं ना?"

"होतं ना. शॉमबर्गचा ॲड्रेस आधीच भरून आलेला होता. नुसतं क्लिक करायचं होतं." ती कपाकडे बघत राहिली. "ते माझ्याने झालं नाही. तिथे मी राहत नाही, बाबा. परत जाणारही नाही. कितीदा सांगायचं ठरवलं. पण बर्फ होता तेव्हा तुम्ही म्हणालात, रस्ते मोकळे झाले की जाशील. मग म्हणालात, उन्हाळ्यात फ्लाइट स्वस्त होतील."

पुरुषोत्तमरावांना ती दोन्ही वाक्यं आठवली. आपण धीर देतोय असंच त्यांना तेव्हा वाटलं होतं.

"मी काल राजसला फोन केला होता," ते म्हणाले.

"माहितीये. त्याने मेसेज केला. रागावला नाहीये तो." ती जरा हसली. "तो चांगला आहे, बाबा. कोणी कोणाचं वाईट केलं नाही. आम्ही दोघं एका घरात राहून एकटे पडलो होतो, बस."

त्यांना पुष्कळ विचारायचं होतं. पण आठ महिने ही मुलगी आपल्याच घरात पाहुण्यासारखी बॅगा रिकाम्या न करता राहिली, आणि तेही आपल्यामुळे, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि प्रश्न तिथेच राहिले.

"तुझ्या खोलीतल्या कपाटात माझे जुने सूट आहेत," ते म्हणाले. "आज काढतो. तुला जागा लागेल."

वसुधाताई किटली घेऊन आल्या. त्यांनी सावनीच्या कपात आणखी चहा ओतला.

पुढच्या आठवड्यात सावनी मिशिगनचं ड्रायव्हिंग लायसन्स काढायला गेली, तेव्हा पुरुषोत्तमरावही बरोबर गेले. खिडकीतल्या बाईने पत्ता विचारला. सावनीने घराचा नंबर सांगितला, रस्त्याचं नाव सांगितलं, स्पेलिंगही सांगितलं. बाईने इलिनॉयचं जुनं लायसन्स ठेवून घेतलं आणि तिला फोटोसाठी निळ्या पडद्यासमोर उभं केलं.

"हसले तर चालेल?" सावनीने विचारलं.

चालेल, बाई म्हणाली.