गव्हाच्या दाण्याएवढी

तिगावात एक शालिकराम होता, त्याची बायको शांताबाई होती, लेक चंद्रकला होती, आणि गोठ्यात पाखऱ्या नि चांद्या हे दोन बैल होते. आणि तुतारीच्या टोकाला मी होते.

मी आर बोलतेय. बैल हाकायच्या काठीला आमच्याकडे तुतारी म्हणतात. तिच्या टोकाला जो अणकुचीदार खिळा असतो, ती मी.

पांढुर्ण्याच्या बाजारात उत्तम लोहाराच्या भात्यापुढे माझा जन्म झाला. आधी मी एका मोडक्या गाडीतला साधा खिळा होते. उत्तमनं मला लाल केलं आणि शालिकरामला विचारलं, "टोक कायचं काढू? वखराचं का पटाचं?"

शेतात वखर हाकायला बोथट टोक चालतं. तिथं बैलाला नुसती आठवण द्यायची असते. पट म्हणजे बैलांची शर्यत. तिथं आठवण पुरत नाही.

"पटाचं," शालिकराम म्हणाला. माझा स्वभाव असा एका शब्दात ठरला.

शालिकराम वाईट माणूस नव्हता बरं. जेवताना आपल्या ताटातली चतकोर भाकर तो राखून ठेवायचा आणि गोठ्यात जाऊन पाखऱ्याला हातानं चारायचा. पाखऱ्या भाकर खाऊन त्याचा तळवाही चाटून काढायचा. मग पटाच्या दिवशी त्याच हातात मी यायचे. यात काही विचित्र आहे असं शालिकरामला वाटत नसे. मलाही वाटत नसे. मी खिळा होते, मला कोण विचारणार.

पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराला पांढुर्ण्यात एक प्राणीदया मंडळ निघालं. पोळा नुकताच झाला होता. मंडळाची माणसं तिगावच्या शाळेच्या वऱ्हांड्यात सभेला आली आणि म्हणाली, कोणाची तरी तुतारी दाखवायला आणा. चंद्रकला मला घेऊन गेली. मला भिंतीला टेकवून उभं केलं. एवढा मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

मंडळाचे अध्यक्ष श्रीकांतशेठ संत्र्याचे व्यापारी. त्यांच्या डोक्याला पट्टी होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार असते. नदीच्या दोन्ही काठांवरून माणसं एकमेकांना दगड मारतात. शेठना पलीकडच्या काठाचा दगड लागला होता. त्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. ते बैलांबद्दल बोलायला आले होते.

"पट बंदच झाला पाहिजे," मंडळातले प्रभाकर गुरुजी म्हणाले. "आर लहान केली म्हणून बैलाचं दुखणं लहान होत नाही."

"गुरुजी, बंद म्हटलं की लोक आपल्यालेच हाकलून देतीन," शेठ म्हणाले. "पहिले आर लहान करू. बाकी हळूहळू पाहू."

"हळूहळू म्हणजे कधी?" शाळेच्या अलकाबाईंनी विचारलं. "आणि तुमच्या पायातली चप्पल कशाची आहे?"

शेठनी पाय बाकाखाली घेतले.

तेवढ्यात चहा आला. अलकाबाई म्हणाल्या, दूध वासराचं असतं, माणसाचं नसतं. यावर मंडळात दोन तट पडले. मग एकजण म्हणाला, बैल नांगराला जुंपणं हीसुद्धा जबरदस्तीच. तेव्हा तीन तट पडले. कपांतल्या चहावर साय धरली. शालिकराम कोपऱ्यात बसला होता. त्यानं हळूच विचारलं, "तुमचं ठरेपर्यंत मी पिऊ का?"

शेवटी ठरलं. आर असावी, पण गव्हाच्या दाण्याएवढी. त्याहून मोठी असेल त्याला पटात उतरू द्यायचं नाही. गुरुजी रागानं उठून गेले आणि त्यांनी वेगळं मंडळ काढलं. तेव्हापासून पांढुर्ण्यात दया करणारी दोन मंडळं झाली. एकमेकांवर मात्र त्यांनी कधी दया केली नाही.

उत्तम लोहारानं मला कापून आखूड केलं आणि टोक नव्यानं काढून दिलं. हिवाळ्यात सौसरच्या बाजूला पट भरला. मंडळाच्या माणसानं खिशातून गव्हाचा दाणा काढून माझ्याशेजारी धरला आणि मान हलवली. मी नियमात बसले.

आता ऐका. आर लांब असली की हाकणारा हात राखून टोचतो. आखूड असली की तो निर्धास्त होतो. जोरानं टोचतो, घडीघडी टोचतो. त्या पटात शालिकरामनं मला एवढं काम दिलं की माझ्या पूर्ण आयुष्यात तेवढं नव्हतं दिलं. जोडी दुसरी आली. मंडळाला वाटलं दया झाली. शालिकरामला वाटलं नाव झालं. पाखऱ्याचा मागचा पुठ्ठा चिघळला आणि जखमेत अळ्या पडल्या.

चंद्रकला सीताफळीचा पाला वाटून जखमेत भरायची. भरता भरता एक दिवस म्हणाली, "बाबा, सकाळी वंदनेत काय म्हनता तुमी?"

"पंचशील म्हनतो."

"त्यात पहिलं काय हाय?"

"जीवाची हिंसा करनार नाई." शालिकराम थोडा थांबला. "ते म्हनायचं असते, पोरी. अन् टोचनं म्हनजे हिंसा नाई. हाकनं होय ते."

चंद्रकलेनं उरलेला पाला जखमेत भरला. 

पुढच्याच बुधवारी रामाकोन्याचे पाहुणे तिला पाहायला आले. श्रावणजी, त्यांची बायको उर्मिलाबाई आणि मुलगा हेमंत. घर संत्र्याच्या बगीच्याचं. शांताबाईनं सकाळपासून तीनदा अंगण झाडलं. असं स्थळ पुन्हा दारात येणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही होतं, मी समोरच्याच भिंतीला लटकले होते.

पोहे झाले. स्वैपाक, शिवण, शाळा, सगळं विचारून झालं. मग श्रावणजी म्हणाले, "तुले काई विचारायचं असन तं विचार, पोरी." हे सगळेच पाहुणे म्हणतात. यावर मुलीनं मान खाली घालायची असते.

चंद्रकलेनं मान वर केली. "तुमच्या तुतारीले आर हाय का?"

श्रावणजी हसले. "आर नाई तं काय मोरपीस रायते?"

"मंग मी त्या घरात नाई येत."

शांताबाईनं कपबशी खाली ठेवली. हेमंत तोवर तोंड न उघडता बसला होता. त्यानं भिंतीकडं पाहिलं आणि बोट केलं.

"अन् ही?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. सभेत पाहिलं होतं तसं नाही. पाहुणे 'कळवतो' म्हणून उठले. कळवतो म्हणजे काय ते कळवावं लागत नाही.

"एका खिळ्यापाई घर घालवलंस तू!" शालिकराम ओरडला. "आता बैलापाई तुले जलमभर घरात ठेवू काय?"

"ठेवा. पन त्यायनं बरोबर विचारलं, बाबा. मलेच उत्तर नाई आलं."

शालिकराम जेवला नाही. भाकर तशीच उचलून गोठ्यात गेला. उजवा हात पुढं केला. पाखऱ्यानं हात पाहिला आणि मागं सरकला. शालिकराम चुचकारत आणखी पुढं झाला. पाखऱ्या एवढा मागं गेला की गळ्यातला दोर ताणून दावणीचा खुंटा हलला.

"अबे, भाकर हाय!" शालिकराम म्हणाला. "पहिले खात होता ना रे माह्या हातानं!"

शांताबाई गोठ्याच्या दारात उभी होती. "त्याले भाकर दिसूनच नाई राहिली," ती म्हणाली. "त्याले तुमचा हात दिसून राहिला."

शालिकरामनं हात मागं घेतला. मग भाकर गव्हाणीत ठेवली, घरात आला, पकड घेतली आणि मला उपसून काढलं. मी सहज निघाले. मला वाटलं होतं मी जास्त घट्ट आहे.

वखर चालू झाला तेव्हा तो बैलांना गोंजारत, गुणगुणत हाकू लागला. बांधावरून लोक विचारायचे, "काय शालिकराम, बैल हाकून राहिला का भजन करून राहिला?" तो म्हणायचा, "दोन्ही." वखर हळू चालायचा. पण चालायचा.

मग एक दिवस मला धोतराच्या सोग्यात बांधून तो रामाकोन्याला गेला. श्रावणजींच्या ओसरीवर सोगा सोडून त्यानं मला समोर ठेवलं.

"तुमच्या पोरानं विचारलं होतं. आमच्या घरची निघाली. आता तुमचं सांगा."

श्रावणजींनी मिशी चोळली. "कसं हाय, बैलाले भेव तं पायजेच थोडं. आपन असं करू. गव्हाच्या दाण्याएवढी ठेवू. चालन?"

"नाई चालत," शालिकराम म्हणाला. "ते करून पायलं मी."

श्रावणजी विचारात पडले. त्यांनी आधी पावसाळा पाहू म्हटलं, मग दिवाळी पाहू म्हटलं. ते मंडळात असते तर अध्यक्ष झाले असते. तेवढ्यात उर्मिलाबाई आतून तुतारी घेऊन आल्या. "इवाई, पकड आनली काय?" त्यांनी ठरायच्या आधीच व्याही म्हणून विचारलं. शालिकरामनं आणली होती. हेमंतनं काठी धरली आणि उर्मिलाबाईंनी आर उपसली. श्रावणजी छपराकडं पाहत होते. ती माझ्याशेजारी येऊन पडली. माझ्याहून लांब होती.

लग्न वैशाखात झालं. मंडपात सगळ्यांनी पंचशील म्हटलं. पहिल्या ओळीला शालिकरामचा आवाज जरा मोठाच लागला. पाठवणीची गाडी पाखऱ्या-चांद्यानं आपल्या मर्जीनं नेली. वाटेत ते लिंबाखाली उभे राहिले तर कोणी घाई केली नाही, आणि नवरीला रामाकोन्याला पोचायला उशीर झाला. उर्मिलाबाई दिवा लावून दारात बसल्या होत्या. "आले?" एवढंच म्हणाल्या.

मला शांताबाईनं फेकलं नाही. फेकलेला खिळा कोणाच्या तरी पायात जातो. तिनं मला गोठ्याच्या भिंतीत ठोकलं. आता माझ्यावर पाखऱ्याची घुंगरमाळ असते. तुमच्या घरी माझी एखादी बहीण काठीच्या टोकाला असेल तर तिला लहान करत बसू नका, बाई. उपसा आणि भिंतीत ठोका. भिंतीला दुखत नसावं. ती अजून तरी मागं सरकलेली नाही.

इथून मला सगळं दिसतं. चंद्रकला पहिल्या लेकीला घेऊन माहेरी आली आहे. शालिकराम नातीला एका हातावर घेतो, दुसऱ्या हातात चतकोर भाकर, आणि गोठ्यात येतो. पाखऱ्या पुढं होतो, भाकर खातो, मग त्याचा तळवाही चाटून काढतो. दोर सैल असतो.