कप्तानाची जोडी

बस सभागृहाच्या दारात थांबली तेव्हा पाच वाजायला दहा मिनिटं होती आणि कप्तानाच्या डोक्यात एकच गोष्ट होती: घरी जायचं, बूट काढायचे आणि आडवं व्हायचं. सकाळी त्याने पाण्याचे कॅन, दोऱ्यांची पोतडी आणि औषधांची पेटी एकट्याने बसमध्ये चढवली होती. दिवसभर रानात शिट्टी फुंकून गाल दुखत होते. परतीला बस पहिल्या वळणावर पोचायच्या आत त्याला झोप लागली होती. स्काउट पथकाच्या प्रमुखाने पोरांसमोर तोंड वासून घोरणं शोभत नाही, पण शोभण्या-न शोभण्याच्या पलीकडे तो केव्हाच गेला होता.

पोरं धडाधड उतरली. आईबाप गाड्यांच्या किल्ल्या खेळवत उभेच होते. फर्निचरचं दुकान असलेल्या एका बापाने पोराला घ्यायच्या आधी बॅग उघडून पाहिली आणि म्हणाला, "कप्तान, याचा टॉवेल राहिला वाटतं तिकडे. नवा होता हो." कप्तान म्हणाला, बघतो. गेली दोन वर्षं तो सगळ्याला हेच म्हणत होता.

तेवढ्यात नर्सच्या पांढऱ्या कपड्यातली एक बाई बसच्या पायरीवर चढून आत डोकावली आणि मागे वळली.

"कप्तान, आमची मुंगी कुठंय?"

मुंगी म्हणजे हिची मुलगी, दहा वर्षांची. अंगाने किरकोळ आणि पाठीवरची बॅग तिच्याहून मोठी, म्हणून पथकाने ठेवलेलं हे नाव. आता घरातही तेच चालायचं.

"असेल की इथेच," कप्तान पोतडी ओढत म्हणाला. "जोडीबरोबर असेल."

"कुठल्या जोडीबरोबर? तिची मैत्रीण तर तापाने घरी आहे ना?"

आणि कप्तानाच्या पायाखालची जमीन सरकली. मुंगीची आजची जोडी तो स्वतःच होता.

हे जोडीचं प्रकरण असं. रानात नेलेल्या प्रत्येक पोराला एक जोडीदार असतो. खाताना, चालताना, झाडामागे जातानासुद्धा जोडीने जायचं. शिट्टी वाजली की जोडीदाराचा हात धरून वर करायचा. जोडीदार नसेल तर हात वर जात नाही आणि कुणीतरी कमी आहे हे लगेच कळतं. एकेक डोकं मोजत बसण्यापेक्षा हे बरं, कारण पोरं एका जागी उभी राहत नाहीत. ही पद्धत कप्तानानेच बसवली होती आणि तिचा त्याला फार अभिमान होता. सकाळी तेवीस पोरं आली, एक विषम उरली. तो तिला म्हणाला, "आज तुझी जोडी मी." पोरगी एवढी फुगली की दिवसभर त्याच्या सावलीसारखी फिरली.

तीन वाजता त्याने शिट्टी वाजवली होती. अकरा जोड्या, अकरा हात वर. सगळे हात वर आहेत म्हणून तो खूश झाला होता. बाराव्या जोडीतला हात वर करायचं काम त्याचं होतं, आणि आपणही एका जोडीत आहोत हेच तो विसरला होता. बसमध्ये त्याच्या शेजारच्या सीटवर तंबूची पिशवी होती. पोरांना वाटलं, मुंगी पुढे कप्तानाजवळ असणार. त्याला काही वाटायला तो जागा कुठे होता!

"कप्तान," नर्स म्हणाली. आवाज अगदी खाली गेला होता. "माझी मुलगी कुठंय?"

"राहिली," तो म्हणाला. "तिकडेच राहिली."

ती ओरडली नाही. तिने त्याच्या दंडाला धरलं आणि आपल्या गाडीत ढकललं. फर्निचरवाला मागून "काय झालं हो?" विचारत राहिला. बाकीचे आईबाप भराभर आपापली पोरं पोटाशी धरू लागले, जणू त्यांचीही कुणी पळवणार होतं.

रान चाळीस मिनिटांवर. कप्तानाने रानाच्या रखवालदाराला फोन लावला, लागेना. पुन्हा लावला, पुन्हा तेच. कप्तान एरवी दिवसभर दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या छोट्या कारखान्यात काम करायचा. प्लास्टरच्या जबड्यावर मेणात दात बसवताना केसभर फरक पडला तर त्याला रात्रभर झोप यायची नाही. आणि आज तो एक अख्खी पोर विसरला होता.

"शेवटचं कुठे पाहिलंत तिला?"

"तळ्याच्या वर एक मोठा दगड आहे. एका पोराला उलटी झाली, त्याला धुवायला न्यायचं होतं. मी तिला म्हटलं, तू इथे बस, मी आलोच."

"तळ्यापासून किती लांब?"

"पन्नास पावलं."

तिने गाडीचा वेग वाढवला. "पाणी आहे तिच्याजवळ?"

त्याला माहीत नव्हतं.

"जाकीट?"

तेही माहीत नव्हतं. ही बाई रोज अनोळखी माणसांना तासातासाला काय दिलं, काय नाही, हे लिहून ठेवणारी. शेजारी बसलेल्याला तिच्या मुलीबद्दल एका प्रश्नाचं उत्तर देता येत नव्हतं.

"तुमच्याबरोबरचे दुसरे? त्यांना तरी काही माहीत असेल. फोन करा ना त्यांना."

कप्तानाने बाहेर पाहिलं. मग म्हणाला, "दुसरं कुणी नव्हतं."

"म्हणजे? परवानगीच्या फॉर्मवर दोन मोठ्या माणसांची नावं होती. दोन माणसं आहेत हे बघून मी सही केली!"

"ते माझ्या मेव्हण्याचं नाव. तो सकाळी म्हणाला, भावोजी, पाठ धरलीय. मागच्या सहा सहलींनाही नव्हता तो. दोन नावांशिवाय परवानगी मिळत नाही, म्हणून लिहितो मी."

गाडी एकदम उजवीकडे गेली आणि पुन्हा सरळ झाली. बाई त्याच्याकडे बघत होती. त्या नजरेत राग यायचा होता, अजून फक्त धक्का होता.

"सहा सहली," ती म्हणाली. "सहा वेळा मी तिचा डबा भरून दिला."

आता कुणी म्हणेल, असा कसा हा माणूस? तर असा: सुरुवातीला पथकात तिघं होते. एकाची बदली झाली. दुसऱ्या बाई, शाळेत शिकवणाऱ्या, तंबूत कुणाचा मुलगा कुणाशेजारी झोपला यावरून आईबापांची ग्रुपवर जी जुंपली तिला कंटाळून निघून गेल्या. जाताना कप्तानाला म्हणाल्या, तुम्हीही सुटा. त्याला सुटता आलं नाही. सुटायचं म्हटलं की कुणीतरी म्हणायचं, "तुमच्याशिवाय कोण आहे हो?" आणि खरं सांगायचं तर हे वाक्य त्याला आवडायचं. घरी बायको म्हणायची, "अहो, शनिवारी तरी घरी जेवा." तो म्हणायचा, एवढा हिवाळा जाऊ दे. असे दोन हिवाळे गेले. तो दमला होता हे त्याच्या बायकोला माहीत होतं, कारखान्यातल्या पोऱ्याला माहीत होतं. ज्यांची पोरं त्याच्या हवाली होती त्यांना मात्र कधी दिसलं नाही. आणि त्यानेही दिसू दिलं नाही, हेही तितकंच खरं.

रानाच्या फाटकाशी गाडी नीट थांबायच्या आत तो उतरला आणि धावत सुटला. पन्नाशीला टेकलेला, पोट सुटलेला माणूस, पण धावला. मागून नर्सच्या चपला फटफटत होत्या. उन्हं कलली होती. तळं दिसलं. पाण्यावर काही नव्हतं. एवढं शांत पाणी त्याने जन्मात पाहिलं नव्हतं, आणि त्या शांततेनेच त्याचं काळीज फाटलं.

दगड वळणापलीकडे होता. वळण संपलं, दगड दिसला.

मुंगी दगडावर बसली होती. पाय वर घेऊन, बॅग मांडीवर, पाठ ताठ. त्यांना पाहून ती उभी राहिली, पण दगडावरून खाली उतरली नाही. तिच्या आईने तिला तिथूनच उचललं. कसला तरी आवाज त्या बाईच्या तोंडातून निघाला, तो शब्द नव्हता.

कप्तान चार पावलं अलीकडे थांबला. पुढे जायचा त्याला धीर होईना.

"शिट्टी ऐकली होतीस तू?" त्याने विचारलं. असला मूर्ख प्रश्न त्या वेळी कुणी विचारतं का? पण त्याला ते कळायलाच हवं होतं.

"ऐकली," मुंगी आईच्या खांद्यावरून म्हणाली. "पण तुम्ही सांगितलं होतं ना, इथे बस. आणि जोडीला सोडून जायचं नाही."

"बस गेली ते दिसलं तुला?"

"दिसलं की. इथून रस्ता दिसतो." तिचं तोंड सुकलं होतं, गालांवर मातीचे ओघळ होते, म्हणजे मधे कधीतरी ती रडून घेऊन गप्प झाली होती. "मला वाटलं तुम्ही बसमध्ये नसाल. तुम्ही मला सोडून कसे जाल? म्हणून मी वाट बघत होते."

कप्तानाच्या आयुष्यात कुणी त्याला इतकं मारलं नव्हतं.

परतीच्या वाटेत मुंगी मागच्या सीटवर झोपली. तिच्या आईने त्याला त्याच्या घराशी उतरवलं आणि काच वर केली.

आता इथून पुढे जे झालं त्याचा धक्का त्याला रानातल्याइतकाच बसला. त्याने स्वतःच दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता सगळ्या आईबापांना सभागृहात बोलावलं. रात्रभर त्याने मनाची तयारी केली होती: शिव्या बसतील, कदाचित कुणी अंगावरही येईल, पोलिसांत जायची भाषा होईल. ते सगळं ऐकून घ्यायचं, वर एक शब्द बोलायचा नाही.

तीसेक माणसं आली होती. मुलं घरी होती. नर्स शेवटच्या ओळीत एकटी बसली होती. कप्तानाने उभं राहून सगळं सांगितलं. जोडी कशी विसरला, झोप कशी लागली, आणि मेव्हण्याचं खोटं नाव सात वेळा कसं लिहिलं. काहीही लपवलं नाही. मधे तो दोनदा पाणी प्यायला.

सांगून झालं. खुर्च्यांची जरा कुरकुर झाली. मग फर्निचरवाला उठला.

"हे बघा कप्तान," तो म्हणाला, "पोर सुखरूप आहे ना? झालं तर मग. माणूस आहे, होतं असं."

"अगदी," एक बाई म्हणाली. "एवढं मनाला लावून घेऊ नका. तुम्ही पोरांसाठी किती करता, आम्हाला दिसत नाही का?"

"आणि ते नावाचं," तिसरा म्हणाला, "कागदोपत्री चालतंच तसं सगळीकडे. बाहेर बोलायची गरज नाही."

माना हलल्या. कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि कप्तान सुन्न होऊन बघत राहिला. तो एक मूल हरवून आला होता आणि ही माणसं त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होती. क्षणभर, खोटं कशाला बोला, त्याला बरंही वाटलं. डोळे भरून आले. माफी मिळाली असं वाटलं.

"मग नियम पाळू," तो म्हणाला. "यापुढे दोन खरी माणसं. माझ्याबरोबर दुसरं कोण येईल? महिन्यातून दोन शनिवार. दोन."

टाळ्या थांबल्या. तीस माणसांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. एकाचा फोन अचानक वाजायच्या आधीच त्याने उचलला. एक बाई पर्सची चेन उघडून आत काहीतरी शोधू लागली, ते तिला सापडेना. कुणाची दुकानं, कुणाची सासू आजारी, कुणाला रानाची अॅलर्जी. कारणं खरीही असतील. पण कप्तान एकेकाच्या तोंडाकडे बघत गेला आणि कुणीही त्याच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही.

"एक शनिवार?" त्याने विचारलं.

पर्सवाल्या बाईने चेन पुन्हा लावून टाकली.

कप्तानाने खिशातून सभागृहाची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. "मग पथक बंद," तो म्हणाला. "आजपासून."

आता मात्र सभागृहाला कंठ फुटला. असं कसं, पोरांचं काय, इतक्या वर्षांचं पथक. आणि या गलक्यात फर्निचरवाल्याने अगदी मनापासून, अगदी निरागसपणे विचारलं, "अहो, पण मग शनिवारी पोरांना ठेवायचं कुठे?"

कप्तानाने त्याच्याकडे पाहिलं. तो माणूस वाईट नव्हता. उत्तराची वाट बघत उभा होता. दोन वर्षं आपण ज्याला मान समजत होतो ते काय होतं, हे कप्तानाला त्या एका प्रश्नात कळलं. माफीही का इतकी स्वस्त मिळाली ते कळलं. किल्ली तशीच ठेवून तो खुर्च्यांमधून वाट काढत बाहेर आला. किल्लीला कुणी हात लावला नाही.

पायऱ्या उतरताना मागून पावलं वाजली. नर्स होती. ती त्याच्या बरोबरीला आली आणि थांबली.

"मी टाळ्या वाजवल्या नाहीत," ती म्हणाली.

"पाहिलं मी."

"मी स्काउटच्या वरच्या कार्यालयात लेखी तक्रार देणार आहे. तुमच्या नावाने. त्या खोट्या नावासकट सगळं लिहिणार आहे. आणि मी तुम्हाला माफ केलेलं नाही. तिने केलं असेल, ती लहान आहे."

"द्या," कप्तान म्हणाला. "नाव नीट लिहा माझं."

ती गेली. तो तिथेच उभा राहिला. गेल्या दोन दिवसांत पहिल्यांदा त्याला नीट श्वास घेता आला. त्या तीस जणांत या एकट्या बाईने त्याला जाब विचारला होता, आणि तिचे आभार कसे मानावेत हे त्याला कळेना. मग तो घराकडे चालू लागला. बायको जेवायला थांबली असेल.