सेंट अ‍ॅनच्या खिडकीचे मेज

मित्रांनो, मी एक जुने मेज आहे. ओकच्या दोन फळ्या जोडून मला घडवले, तेव्हा सुताराने माझ्या गुळगुळीतपणाचे फार कौतुक केले. ते कौतुक दोन दिवस टिकले. तिसऱ्या दिवशी मी काचकाम करणाऱ्या तिबोच्या घरी आले आणि त्याने मला पहिला खिळा ठोकला.

आमच्या गावात तेव्हा मोठे चर्च उभे राहत होते. गवंड्यांनी भिंत वर नेली, खिडकीची जागा सोडली, की काम माझ्याकडे येई. तिबो मला खडूच्या पाण्याने पांढरे करी आणि शिशाच्या कांडीने माझ्यावर संतांचे चित्र काढी. त्या रेघांबरहुकूम रंगीत काचा कापून मांडी, मधून शिशाच्या पट्ट्या बसवी आणि प्रत्येक काच हलू नये म्हणून तिच्या कडेकडेने खिळे ठोकी. खिडकी तयार झाली की खिळे निघत. माझ्यावर पुन्हा पांढरा हात फिरे आणि चित्र पुसले जाई. लोक चर्चमध्ये वर पाहून हरखून जात. माझ्या वाट्याला भोके येत.

सेंट अ‍ॅनची खिडकी केली त्या हिवाळ्यात लोहार आजारी होता. नालाचे बारीक खिळे संपले, म्हणून त्या एका खिडकीपुरते तिबोने गाडीचे जाडे खिळे वापरले.

"अहो, मेजाची चाळण केलीत की!" त्याची बायको एल्वीझ ओरडली. चित्रांतले चेहरे तीच रंगवी.

"तुझ्या अ‍ॅनचं नाक जागेवर राहिलं ना? मग झालं तर!"

आई अ‍ॅन लहानग्या मेरीला वाचायला शिकवते आहे, असे ते चित्र होते. तिबोचा त्यावर फार जीव होता.

पुढे रंगवलेल्या काचा भाजायच्या भट्टीच्या धगीने तिबोचे डोळे गेले. काम बंद पडले. एल्वीझ माझ्यावर पावाची कणीक मळू लागली. कणीक भोकांत अडके आणि ती वैतागे. शेवटी सोमवारी रंधा मारायला ये, असे तिने सुताराला सांगून ठेवले. मला वाईट वाटले, पण मेजाला कोण विचारतो!

त्याच शनिवारी गारा पडल्या आणि नेमकी सेंट अ‍ॅनची खिडकी फुटली. काचांचा पार चुरा झाला. चर्चचे कारभारी फादर गोस्लँ स्वतः सांगायला आले.

"तिबो, आता तिथं साधी पांढरी काच बसवतो. ते चित्र कुणाला आठवणार?"

"मला आठवतं, फादर."

"आठवत असेल रे. पण डोळ्यांवाचून काढणार कसं?"

तिबो त्या दिवशी जेवला नाही. रविवारी प्रार्थनेहून परतल्यावर तो चाचपडत माझ्यापाशी आला. पाव बाजूला सारून माझ्यावर हात टेकून बसला. बसल्या बसल्या त्याचे बोट एका जाड्या भोकावर थांबले. मग त्याच्या शेजारच्या भोकावर.

"एल्वीझ! अगं, गाडीचे खिळे! सुई आण, कणीक उकर."

"इतक्या वर्षांची?"

"इतक्या वर्षांची! ही बघ मेरीची पाठ. आणि इथून पुस्तक सुरू होतं."

एल्वीझ आधी हसली आणि मग डोळे पुसू लागली. बारीक भोके सोडायची, जाडी तेवढी धरायची. तो बोट ठेवी, ती रेघ ओढी. दिवस मावळेपर्यंत आई आणि मुलगी माझ्यावर परत आल्या. फक्त चेहरे कोरे राहिले, कारण तिथे खिळे नव्हतेच.

"चेहऱ्यांचं काय?" तिने विचारले.

"ते तेव्हाही तुझेच होते."

सोमवारी सुतार रंधा घेऊन आला. एल्वीझ दारात आडवी उभी राहिली. "आत पाऊल टाकशील तर याद राख!" बिचारा आल्या पावली परत गेला. फादर गोस्लँनी मात्र चित्र पाहिले आणि पांढऱ्या काचेचा बेत तिथल्या तिथे सोडून दिला.

तिबो सांगे तशा एल्वीझने काचा कापल्या, चेहरे रंगवले आणि सेंट अ‍ॅनच्या सणाआधी खिडकी पुन्हा वर चढली. सारा गाव पाहायला लोटला. एल्वीझने तिबोला चलण्याचा आग्रह केला.

"तू बघून ये," तो म्हणाला. "माझी खिडकी घरीच आहे." आणि माझ्यावर दोन्ही हात पसरून बसून राहिला.

आता ती दोघेही नाहीत. मी चर्चच्या कोठीत भिंतीला टेकून उभे आहे. मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूवर रंधा फिरवण्याआधी डोळे मिटून एकदा तिच्यावरून बोटे फिरवा. माझ्यावर फिरवलीत, तर मेरीच्या पुस्तकापाशी एका भोकात कणकेचा कण लागेल. तो तेवढा राहू द्या.