कॅरव्हॅनचा डावा कोपरा

आपल्याला दोनच गोष्टी दुरुस्त करता येतात, असं थ्युनिसला वाटतं: जगातल्या सगळ्या वस्तू आणि मी. एकतीस वर्षांच्या संसारात त्यातलं एकही धड झालेलं नाही.

कॅरव्हॅन, म्हणजे गाडीमागं जोडून न्यायचं चाकांवरचं घर, हे त्याचं सर्वांत मोठं कर्तृत्व. चौघांची म्हणून घेतली, पण आत दोघं शिरली की एकानं श्वास रोखायचा. छत गळायला लागलं तेव्हा वूस्टर गावातल्या दुरुस्तीवाल्यानं सांगितलं, "काका, पत्रा उघडा, ओलं लाकूड काढा, मगच बंद करा." थ्युनिस हसला. "लुटायचे धंदे!" म्हणाला, आणि भेगा बुजवायच्या सिलिकॉनच्या नळ्या घेऊन आला. जिथून पाणी आत येत होतं तिथं सिलिकॉन, आणि जिथून ते बाहेर पडत होतं तिथंही सिलिकॉन. पाणी बिचारं भिंतीतच मुक्कामाला राहिलं. मागच्या डाव्या कोपऱ्यातलं प्लायवुड चहात बुडवलेल्या टोस्टसारखं झालं. त्यावर या शहाण्यानं फुलाफुलांचा कागद चिकटवला आणि मला बोलावलं.

"बघ, कारखान्यातून आत्ता आल्यासारखी!"

दर डिसेंबरात, आमच्याकडच्या उन्हाळी सुट्टीत, तीन आठवडे हार्टेनबॉसचा समुद्रकिनारा, तीच जागा, तेच शेजारी. तो बाहेर मांस भाजत सगळ्यांना फुकटचे सल्ले वाटायचा आणि मी आत बुरशीच्या वासात खोकत पडायची. तो खोकला मार्चपर्यंत जायचा नाही. यंदा मी सांगून टाकलं, ती विक, नाहीतर डिसेंबरात एकटा जा. एकट्यानं जायचं तर भांडी कोण घासणार, हा प्रश्न त्याला पडला आणि त्यानं जाहिरात दिली.

आमच्याकडे कॅरव्हॅन अंगठ्यानं घेतात. आलेला माणूस कोपऱ्याकोपऱ्यात भिंतीवर अंगठा दाबतो. लाकूड कडक लागलं तर बोलणी, मऊ लागलं तर रामराम. थ्युनिसला हे माहीत होतं.

"तू त्या कोपऱ्यात बस," तो म्हणाला. "समोर दुधाचा टार्ट मांडून ठेव. बाईमाणसाला कोण उठवतंय?"

"लाज कुठं गहाण टाकलीस?" मी विचारलं. पण जाऊन बसले. मला ती घाण फाटकाबाहेर गेलेली बघायची होती.

शनिवारी सकाळी श्रीमती अडोनिस आल्या. फळं डबाबंद करण्याच्या कारखान्यात तीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या. नवरा डेव्ही बाहेर गाडीतच बसला होता. त्याचा श्वास मला खिडकीतून ऐकू येत होता.

"डॉक्टर म्हणतात, त्यांना समुद्राची हवा पाहिजे," त्या म्हणाल्या. "म्हटलं, घर मुलीला देऊन टाकू आणि आपण किनाऱ्यावर राहू. यातच."

"यातच?" मी विचारलं.

"बाराही महिने."

"बाई, ही माझ्या हातची दुरुस्ती आहे," थ्युनिस छाती काढून म्हणाला. "एक थेंब आत आला तर नाव बदलीन."

बाईंनी शांतपणे अंगठा लावायला सुरुवात केली. दाराजवळ, बेसिनखाली, कपाटामागे. एकही जागा सोडली नाही. मग त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"ताई, जरा उठता का? एवढा एकच कोपरा राहिलाय."

बाहेर डेव्ही खोकला. तो खोकला माझ्या ओळखीचा होता. मला उठायचं होतं, अगदी मनापासून. नुसतं उठायचं, बाकी काहीच करावं लागणार नव्हतं. पण उठले असते तर पुढचा डिसेंबर, त्याच्या पुढचा डिसेंबर, मरेपर्यंतचे सगळे डिसेंबर या डबड्यात जाणार होते.

"गुडघा," मी म्हणाले. "आज फार दुखतोय हो."

त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"अगं बाई! मग मुळीच उठू नका. माझ्या आईचं हेच दुखणं होतं, मला कळतं. मी आपली यंत्रासारखी दाबत सुटले. राहू दे तो कोपरा."

त्यांनी टार्टचे दोन तुकडे खाल्ले, एक रुमालात बांधून डेव्हीसाठी घेतला. सह्या झाल्या. कॅरव्हॅन त्यांच्या गाडीला जोडली. आता मला त्यातून उतरणं भाग होतं.

"कुठला गुडघा?" त्यांनी पायरीशी हात पुढे करत विचारलं.

"डावा."

त्यांनी माझ्या कमरेला हात घातला, माझं सगळं वजन अंगावर घेतलं आणि व्हरांड्यातल्या खुर्चीपर्यंत पोचवलं. मी सबंध वाट लंगडत गेले. "शेक घ्या, ताई," त्या म्हणाल्या. डेव्हीनं खिडकीतून टार्टचा तुकडा दाखवून हात हलवला.

गाडी वळणावर दिसेनाशी झाली. थ्युनिस माझ्याकडे बघत होता. एकतीस वर्षांत त्यानं माझ्याकडे इतक्या कौतुकानं कधी बघितलं नव्हतं.

"गुडघा!" तो म्हणाला. "मला जन्मात सुचलं नसतं, हेस्टर. तू माझ्याही वरचढ निघालीस!"

त्याच्यावर खेकसायला मी तोंड उघडलं. आजवर त्याला ठेवलेली सगळी नावं एकेक करून आठवली. त्यातलं एकही आता मलाही लागू न पडता त्याला देता येईना.