रंग मागे राहिलेली नोंद

मित्रांनो, मी एक जुनी नोंद आहे. कागदावरची नव्हे, मोबाईलमधली. माझे नाव 'निळ्या झिलया'. मला राहवत नाही, म्हणून आधीच सांगते: मी घर बदलले, त्या धांदलीत माझे सगळे रंग गेले, आणि तरीही आज मला आभाळ ठेंगणे झाले आहे!

माझी मालकीण चिनी मातीचे कप करते. सगळे तिला मावशी म्हणतात. कपावर चकचकीत थर असतो ना, ती झिलई. कोणती भुकटी किती घातली, हे मावशी तोंडाने सांगत आणि मोबाईल ते माझ्यात लिहून घेई, कारण त्यांचे हात कायम चिखलात. भट्टी उघडली की कसेबसे एक बोट पुसून त्या एवढेच करत: जमलेली कृती हिरव्या अक्षरांत, फसलेली लाल. 'चांगली' असा शब्द त्यांनी कधी लिहिला नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला त्या मला कौतुकाने दाखवत आणि मी फुलून जाई.

मग जुने अ‍ॅप बंद होणार अशी सूचना आली. मावशींची भाची म्हणाली, काळजी नको, सगळ्या नोंदी नव्या अ‍ॅपमध्ये हलवते. काय तो प्रवास, मित्रांनो! आम्ही सगळ्या एकाच फाइलमध्ये कोंबलेल्या. दातांच्या डॉक्टरांची वेळ माझ्या मांडीवर, केकची कृती माझ्या डोक्यावर. नवे घर मात्र चांगले ऐसपैस निघाले. भाचीने नोंदी मोजल्या, एकही कमी नव्हती. तिने खुशाल जुने अ‍ॅप पुसून टाकले.

रंग कोणी मोजले नव्हते. माझे अक्षर न् अक्षर काळे झाले होते.

हे कळले ते पोस्टमनकाका आले तेव्हा. मावशींनीच केलेला, काकूंचा लाडका निळा कप काकांच्या हातून फुटला होता. काकू लेकीकडे गेल्या होत्या, महिनाअखेरीला परतणार होत्या. जोडीतला उरलेला कप काकांनी जपून टेबलावर ठेवला.

"अगदी असाच हवा," ते म्हणाले. "दुसरा आणला तर ती लांबूनच ओळखेल."

मावशींनी मला उघडले आणि त्यांचा चेहरा पडला. दहाबारा कृती, सगळ्या सारख्या. भाची रडकुंडीला आली. मला तोंड असते तर मी ओरडून सांगितले असते असे तुम्हांला वाटेल. खोटे कशाला बोलू, मलाही ठाऊक नव्हते. स्वतःच्या अंगावरचा रंग मला कधी दिसलाच नव्हता.

मावशींनी कपाळाला हात लावला, मग बाह्या सरसावल्या. "रडतेस काय? सगळ्याच भाजून बघू."

प्रत्येक कृतीची झिलई एकेका चकतीवर चढली. चकतीच्या पाठीवर आकडा कोरला. काका नव्या कपाची माती मळायला बसले आणि त्यांनी मिशांनासुद्धा चिखल लावून घेतला. भट्टी निवेपर्यंत कोणालाच दम निघेना. अखेर दार उघडले! एक चकती काळपट, एकीला फोड आलेले, आणि सातवी... काकांनी उरलेला कप तिच्याशेजारी धरला. तोच निळा! भाचीने टाळ्या पिटल्या आणि काकांनी डोळे पुसले, त्यामुळे गालांनाही चिखल लागला. त्याच झिलईचा नवा कप काकू यायच्या आत काकांच्या घरी पोचला.

काकू परतल्यावर चारच दिवसांनी मावशींना त्यांचा फोन आला.

"ह्यांना सांगू नका," काकू म्हणाल्या, "पण हा कप हलका आहे. जुन्याने माझं मनगट दुखायचं. त्यांना तो आवडायचा म्हणून गप्प होते."

मित्रांनो, सामान हलवाल तेव्हा ते नुसते मोजू नका, उघडून पाहा. आणि जे आवडते ते शब्दांत सांगून ठेवा, खुणांवर सोडू नका. मावशींनी त्याच दिवशी मला उघडले आणि माझ्यात नवी ओळ बोलल्या: "सातवी चांगली. काकूंचा कप पातळच करायचा, आणि काकांचाही, म्हणजे दोन्ही सारखे वाटतील आणि काकांना संशय येणार नाही."