उत्तर नसलेली पोस्ट

माझा आवाज मोठा आहे, हे आधीच सांगून टाकते. गेले कित्येक महिने घरात ओरडूनच बोलावं लागत होतं, त्याला मी तरी काय करणार? सासूबाईंच्या कानातलं मशीन बनवणारी छोटी कंपनी बुडाली, तिचं ॲप बंद पडलं आणि ॲपशिवाय ते मशीन म्हणजे नुसता मणी. दुसरी मशीनं लावून पाहिली, त्यातून त्यांना फक्त शिट्टी ऐकू यायची. पाहुणे आले की त्या आतल्या खोलीत जाऊन बसायच्या. एवढी बोलकी बाई, पार मिटत चालली होती.

माझं काम नवख्या कंपन्यांच्या बातम्या शोधायचं. पूर्वी इंटरनेटवर त्यासाठी एक मंच होता. मूठभर वेडे तिथे आपण काय खटपट करतोय ते सांगायचे. आता अख्खं जग तिथे लोटलंय. पहिल्या पानावर बड्या कंपन्यांचे फोन आणि त्यावरून हाणामारी. माझ्या दिराला टीव्हीचा रिमोट झेपत नाही, तोसुद्धा तिथे मतं ठोकतो. बातमी कुठून मिळणार, डोंबल?

म्हणून मी उलटं वाचते. ज्या पोस्टला एकही उत्तर नाही, ती सगळ्यात आधी. संपादक म्हणतात, तू कचऱ्याच्या डब्यात डोकं घालून बसतेस. बसते. माझं पोट त्यावरच भरतं.

तर मंगळवारी ऑफिसात, चहा निवत असताना, एक रटाळ शीर्षक दिसलं: बंद पडलेल्या श्रवणयंत्रासाठी नवं ॲप, चाचणीला माणूस हवा. खाली त्याच बुडालेल्या कंपनीचं नाव! मी अशी उठले की शेजारचा दचकला. दोघी बहिणींनी वडिलांसाठी ते ॲप लिहिलं होतं. उजव्या कानाचं मशीन चालू झालं होतं, पण डाव्या कानाचं त्यांच्याकडे नव्हतंच. ते कुणीतरी द्यावं म्हणून विनवण्या केल्या होत्या, आणि एवढ्या गर्दीत कुणी हूं की चूं केलं नव्हतं.

सासूबाईंचं मशीन डाव्याच कानाचं, उजवा कान तर कधीचाच कामातून गेलेला. मी अर्धी रजा टाकून धावतच घर गाठलं.

पोस्टखालच्या नंबरावर फोन लावला, तर त्या दोघींतल्या थोरलीनं स्पष्ट बजावलं, की चाचणी फसली तर मशीन कायमचं जाईल, मग कुणालाच दुरुस्त करता येणार नाही. ते सगळं मी सासूबाईंना घसा फोडून समजावलं. त्यांनी ड्रॉवरमधून मशीन काढलं, पदरानं पुसलं आणि माझ्या हातात ठेवलं.

"आत्ता तरी कुठे जिवंत आहे ते? लाव."

लावलं. फोनच्या पडद्यावरची रेघ सरकत सरकत मध्येच अडली. धाकटी बहीण पलीकडून म्हणाली, थांबा, हात लावू नका. रेघ पुन्हा हलली. मशीनवर हिरवा ठिपका लागला. मी त्यांच्या कानाशी वाकून, सवयीनं, जीव तोडून ओरडले, "आई, ऐकू येतंय का?"

सासूबाई केवढ्या तरी दचकल्या. कानावर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. डोळे भरून आले होते, पण आवाज एकदम पूर्वीचा, खणखणीत.

"हळू बोल गं. घरात कुणी बहिरं आहे का?"